थंड होताना चढणारा आकडा

प्रयोगशाळेतल्या दोन नळ्यांवरच्या चिठ्ठ्या मी चोवीस तासांत दोनदा चिकटवल्या. पहिल्यांदा चुकीच्या चिकटवल्या, पण नकळत. दुसऱ्यांदा बरोबर चिकटवल्या, पण जाणूनबुजून, आजूबाजूला कुणी नाही हे बघून. लाज वाटते ती दुसऱ्या वेळेची.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आम्ही एक प्रयोग देतो: तापमान वाढलं की पदार्थाचा विद्युतरोध कसा बदलतो ते मोजायचं. एका नळीत तांब्याच्या बारीक तारेची गुंडाळी असते. दुसरीत थर्मिस्टर, म्हणजे धातूंच्या ऑक्साइडांपासून बनवलेला डाळीच्या दाण्याएवढा काळा मणी. नळी पाण्यात उभी करायची, पाणी तापवत न्यायचं आणि ठरावीक अंशांनी मीटरवरचा आकडा लिहायचा. तांबं तापलं की त्याचा रोध हळूहळू वाढतो. थर्मिस्टरचा झपाट्याने उतरतो. प्रयोग एवढाच आहे.

वर्गात हे सांगताना मी लक्ष्मी रोड वापरतो. तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळेच असतात, त्यांना फक्त वाट हवी. तांबं थंड असलं तर अणू जागच्या जागी उभे, त्यांच्यामधून सुटून जाता येतं. तापलं की सगळे अणू जोरात हलायला लागतात आणि सणाच्या खरेदीला आल्यासारखी धक्काबुक्की सुरू होते. थर्मिस्टरची गोष्ट उलटी. तिथे रस्ता रिकामाच, पण माणसं डिसेंबरच्या पहाटेसारखी पांघरुणात. ऊब मिळाली की एकेक जण उठून बाहेर पडतो आणि वाहतूक सुरू होते. मुलं हसतात आणि त्यांच्या लक्षातही राहतं. मला या उदाहरणाचा अभिमान होता.

अभिमान त्या नळ्यांचाही होता. त्या मीच बनवल्या होत्या. आत काय आहे ते बघून मुलांनी उत्तर ठरवू नये म्हणून दोन्ही नळ्या बाहेरून काळ्या रंगवल्या. आकड्यावरून ओळखू नये म्हणून तारेची लांबी अशी घेतली, की साध्या तापमानाला दोन्हींचा रोध साधारण सारखा यावा. अशी हुशारी केली की शेवटी कोणती नळी कोणती हे फक्त वरच्या कागदी चिठ्ठीवरून कळायचं.

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नळ्या धुताना दोन्ही चिठ्ठ्या सुटून ट्रेमध्ये तरंगायला लागल्या. कोणती कुठली हे मला 'माहीत' होतं. तोंड बंद करताना एकीला लाख जरा जास्त लागली होती, तीच तांब्याची, अशी माझी पक्की आठवण. मीटर लावून नळी नुसती मुठीत धरली असती तरी कळलं असतं, हाताच्या उबेनेही आकडा हलतो. मी धरली नाही. चिठ्ठ्या पुसल्या, डिंक लावला, घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या परीक्षेत 'तांबे' लिहिलेली नळी एका मुलीच्या वाट्याला आली. ती यवतमाळकडची, सदाशिव पेठेत एका मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहायची. वर्गात मागच्या बाकावर बसायची आणि बोलायची कमी, कारण तिने तोंड उघडलं की तिच्या बोलीवर कुणी ना कुणी हसायचंच. दिवाळीनंतर ती महिनाभर घरी होती. टायफॉइड झाला होता असं आम्हाला कळवलं होतं.

मी फिरत फिरत तिच्या टेबलापाशी आलो. तिच्या तक्त्यातले आकडे खाली खाली गेले होते. तांब्याचा रोध तापवल्यावर कमी.

"वा!" मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "म्हणजे ऐन उन्हाळ्यात तांब्याच्या तारा जास्त खुशीने वीज वाहतात. परदेशात सत्कार होईल तेव्हा मार्गदर्शक म्हणून आमचं नाव घ्या हो."

पलीकडच्या टेबलावरची मुलं हसली. ती म्हणाली, "पण सर, खरंच कमी होऊन राहिलं. मी थंड होतानाचेपण घेतले, आता परत तापवून राहिली. एकदा बघता का तुम्ही?"

"त्यात बघायचं काय? तांबं मी पंचवीस वर्षं बघून राहिलो," मी तिच्याच बोलीत म्हणालो.

आता सगळा वर्ग हसला. मला ते हसणं आवडलं, हेही इथे लिहायला हवं.

"आकडे घरूनच बनवून आणायचे तर निदान दिशा तरी बरोबर ठेवावी," असं म्हणून मी तिच्या तक्त्यावर लाल रेघ मारली आणि बाजूला 'बनावट' असं लिहिलं.

ती रडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने आधी मीटरकडे पाहिलं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या तळहाताकडे, जणू यातलं काय खरं हे ती पडताळून बघत होती. शेगडी बंद केली, तक्ता बॅगेत कोंबला आणि गेली. कॅल्क्युलेटर टेबलावरच राहिला.

शेजारच्या टेबलावर 'थर्मिस्टर' लिहिलेली नळी एका मुलाकडे होती. त्याचा आलेख काय सुंदर! मऊ, घसरगुंडीसारखा उतरत गेलेला. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना म्हणालो, "बघा, याला म्हणतात प्रयोग."

मुलं गेली. मी तिथेच एका टेबलाशी बसून उत्तरपत्रिका बघायला लागलो. एप्रिलची दुपार, वरचे पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. काही वेळाने सहज मान वर केली तर समोरचा मीटर चालूच होता. तिने शेगडी बंद केली होती पण मीटर नाही. नळी तशीच पाण्यात उभी होती आणि पाणी निवत होतं.

आणि आकडा चढत होता.

कुणी हात लावत नव्हतं. पाणी थंड होत होतं आणि आकडा एकेकाने वर सरकत होता. थोडा थांबायचा, जणू विचार करायचा, मग पुढचा. तांबं निवताना आकडा खाली यायला हवा. मी उठून जवळ गेलो. मीटर बंद करून पुन्हा लावला. चिमटे काढून पुन्हा जोडले. आकडा चढतच राहिला.

मग मी त्या मुलाची नळी घेतली, मीटरला जोडली आणि मुठीत घट्ट धरली. तिचा आकडा किंचित वाढला. म्हणजे तांबं हिच्यात होतं. त्या मुलाने जे दिसलं ते लिहिलंच नव्हतं, थर्मिस्टरचं पुस्तकात जे असतं ते लिहिलं होतं. आणि हे त्याला मीच शिकवलं होतं. आधी थिअरी काय म्हणते ते बघा, हे माझंच वाक्य. अख्ख्या प्रयोगशाळेत त्या सकाळी डोळ्यांना दिसलेलं लिहिणारी ती एकटी होती.

इथपर्यंत माझी चूकच होती. विभागप्रमुख मॅडमकडे जायचं, सांगायचं, तिला परत बोलवायचं. मी मॅडमच्या खोलीकडे निघालोही. दारापर्यंत जाताना मला ऐकू आलं ते सकाळचं हसणं, फक्त आता ते माझ्यावर होतं. पंचवीस वर्षं तांबं बघून राहिलेले सर. ही गोष्ट दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये असती आणि पुढची दहा वर्षं प्रत्येक बॅचला वारशाने मिळाली असती. चौकशी, मेमो यांची भीती होतीच. पण पाय थांबले ते हसण्याच्या भीतीने. इतरांना हसवून ज्याने वर्ग ताब्यात ठेवला, त्याला ते हसणं काय करतं ते चांगलं ठाऊक असतं.

मी परत फिरलो. दोन्ही चिठ्ठ्या नखाने सोडवल्या आणि अदलाबदल करून चिकटवल्या. आता त्या बरोबर होत्या. आता कुणीही येऊन तपासावं, तांब्याच्या नळीत तांबंच निघालं असतं. खोटी ठरली असती ती एकच गोष्ट, तिचा तक्ता.

"सर, चिठ्ठ्या तर कालच लावल्या होत्या ना?"

मी दचकलो. प्रयोगशाळेचे मामा किल्ल्या घेऊन दारात उभे होते. आमच्याकडे प्रयोगशाळा सांभाळणाऱ्याला सगळे मामाच म्हणतात, वयाने तेवढे असोत वा नसोत.

"निघाल्या होत्या, मामा."

"मग डिंक बदला," ते म्हणाले आणि खिडक्या लावायला गेले. त्यांनी किती पाहिलं ते मला कळलं नाही, विचारायची हिंमतही झाली नाही.

मी पार्किंगमध्ये स्कूटर काढत होतो तेव्हा तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचा फोन आला. तीही आमच्याच वर्गात, फक्त तिची बॅच दुसरी.

"सर, ती अजून तुमच्याकडेच आहे का?"

"नाही. ती तर सकाळीच गेली."

"फोन बंद आहे तिचा. खोलीवर आलीच नाही. डबाही तसाच आहे. आणि सर, सकाळी लॅबमध्ये काय झालं ते मला आत्ता मुलांनी सांगितलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"सर, तो टायफॉइड नव्हता."

मी स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली.

"तिला वाटायचं की आपण जे बघतो, ऐकतो ते खरं नाहीच," ती सांगत होती. "मला रात्री उठवून विचारायची, हे दार बंद आहे ना, तुला पण बंदच दिसतंय ना. झोपच नव्हती. मग घरी नेलं, औषधं सुरू झाली. आता बरी आहे." मग तिने स्वतःलाच दुरुस्त केलं. "होती."

तिच्या त्या 'होती'ने मला धरलं ते पुढचे काही तास सोडलं नाही.

मी सदाशिव पेठेत पोचलो तेव्हा खोलीखाली मैत्रीण उभीच होती. जिन्याशी घरमालकीणबाई. "आमच्याकडे मुली साडेनऊला आत असतात," त्या मला म्हणाल्या. "दिवसा कुठे जातात याची जबाबदारी कॉलेजची. तुम्हीच कॉलेज ना?" मी हो म्हणालो. त्यांच्या बोलण्यातला खोचकपणा नेहमीचा होता, पण मला तो निकालासारखा वाटला.

मैत्रीण मागे बसली आणि आम्ही तिला शोधायला निघालो. ती जिथे अभ्यासाला बसायची त्या अभ्यासिकेत बघितलं. तिथल्या टेबलावर तिची पाण्याची बाटली होती, ती नव्हती. ती जिथे पोहे खायची तिथे बघितलं. स्वारगेटला यवतमाळच्या गाडीची चौकशी केली. प्रत्येक ठिकाणी, सकाळी तिच्या अंगावर होती तशी निळी ओढणी दिसली की माझा हात ब्रेकवर जायचा आणि जवळ गेल्यावर वेगळाच चेहरा निघायचा. मैत्रीण सारखा फोन लावत होती. त्यातून येणारं 'आपण डायल केलेला नंबर' मला हेल्मेटमधूनही ऐकू येत होतं.

नदीवरून जाताना लकडी पुलाच्या कठड्याशी गर्दी दिसली. माणसं वाकून खाली बघत होती. मी स्कूटर तशीच सोडली. ती आडवी झाली, मागून हॉर्न, शिव्या. माणसांना बाजूला करत मी कठड्यापर्यंत गेलो, पण खाली बघायचं धाडस होईना. मी डोळे मिटून उभा राहिलो. आयुष्यात मी इतका कधीच घाबरलो नव्हतो, वडिलांच्या आजारपणातही नाही. तेव्हा निदान माझ्या हातून काही झालेलं नव्हतं.

"काय हो काका, चक्कर येतेय का?" शेजारच्या एकाने विचारलं. "खाली काही नाही. कुणाचीतरी गाडी रुतलीय नदीपात्रात, चार जण ढकलतायत आणि मालक आत बसून सूचना देतोय."

मी डोळे उघडले. खरंच गाडी होती.

मैत्रीण स्कूटर उचलून बाजूला घेऊन उभी होती. ती म्हणाली, "सर, आता पोलिसांत जाऊ या का? आणि तिच्या घरी?" मी हो म्हणालो आणि तिच्या वडिलांचा नंबर कुठे मिळतो का ते बघायला वर्गाचा ग्रुप उघडला. मुलं फार पकवतात म्हणून तो ग्रुप मी गप्प करून ठेवला होता, महिनोन्‌महिने बघत नव्हतो. शेवटच्या काही मेसेजांत तिचाही एक होता, दुपारचा.

'पातळ तांब्याची तार कुठे भेटते?'

त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'सरांकडे, पंचवीस वर्षांपासून.' आणि हसरे चेहरे, एकाखाली एक.

फोन लावायच्या नादात मैत्रिणीने ग्रुप उघडलाच नव्हता; आता तिने तो वाचला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "तार? सर, तार कशाला हवी तिला?" ती रडायला लागली. तिच्या मनात जे आलं तेच माझ्याही आलं. मग त्याच शब्दांतला दुसरा शब्द दिसला. तांब्याची. मरायला निघालेलं माणूस धातू कोणता ते बघत नाही. ही तार कशाला हवी ते या शहरात फक्त मला कळू शकत होतं. तरी खात्री नव्हती. तपकीर गल्लीकडे जाताना मी मनात जे म्हणत होतो त्याला प्रार्थनाच म्हणावं लागेल, आणि मी तसा देव मानणारा नाही.

बुधवार पेठेतल्या त्या गल्लीत विजेच्या सामानाची दुकानं दाटीवाटीने उभी आहेत. आम्ही एकेका दुकानात विचारत गेलो. "तार? किती किलो?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने न बघताच पुढे बोट केलं. शेवटी एका आडगल्लीत विजेच्या मोटारींची तार नव्याने गुंडाळून, म्हणजे रिवाइंड करून, देणारं छोटंसं दुकान होतं. मालक पिकल्या दाढीचे चाचा, तीन पिढ्या तिथेच. आत फळीवर, जळक्या मोटारींच्या मधे, निळी ओढणी.

ती स्टुलावर बसली होती. पुढ्यात विजेची किटली, किटलीत प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बारीक तारेची गुंडाळी, शेजारी चाचांचा मीटर. ती आकडा लिहीत होती.

मैत्रीण धावत जाऊन तिला बिलगली आणि मग तिच्या पाठीत धपाटे घालायला लागली. "फोन काहून बंद ठेवला गं? काहून?" मैत्रीण मूळची लातूरची, पण रडता रडता तिचीच बोली बोलत होती.

"आईचा फोन येणार होता ना," ती म्हणाली. "पेपर कसा गेला विचारलं असतं. काय सांगणार?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही सर का? या, बसा. तुमचीच वाट बघत होतो असं काही नाही, पण बसा. दुपारपासून माझी किटली या ताईंनी जप्त केलीय. मला चहा नाही, गिऱ्हाइकाला चहा नाही. तांब्याला मात्र तीनदा उकळी दिली."

मी हसायचा प्रयत्न केला.

तिने कागद माझ्यापुढे धरला. तीनही वेळा आकडे वाढत गेलेले.

"सर, तांब्याचं वाढूनच राहिलं. तुमचं बरोबर होतं," ती म्हणाली. "पण मग सकाळी मला जे दिसलं ते काय होतं? मी बनवलं नव्हतं सर. खरंच दिसत होतं. थंड करताना उलटं वर जातानाही दिसलं." तिचा आवाज खाली आला. "मला परत तसं सुरू झालं का?"

मला तेव्हाच सांगता आलं असतं. ती होती, मैत्रीण होती, चाचा होते, हसणारं कुणीही नव्हतं. मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं: "उपकरणात कधी कधी दोष असतो. काळजी करू नकोस."

"मग उद्या तीच नळी परत बघू द्याल? फक्त तीच, एकदा. मला माझी खात्री करायची आहे."

"ये," मी म्हणालो.

त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तर पित्त झालंय म्हणालो. सकाळी ती चिठ्ठी बघून नळी उचलेल, आकडा वाढेल आणि तिचं स्वतःविषयीचं भय तिच्याच हाताने सिद्ध होईल, हे मला स्पष्ट दिसत होतं. कॉलेजात लवकर जाऊन चिठ्ठ्या पुन्हा उलट्या करता आल्या असत्या. तिला तिचे आकडे मिळाले असते, आणि मी म्हणालो असतो, अरे, अदलाबदल झालेली दिसते, कुणी केली कोण जाणे. मी तेही करायचं ठरवून गेलो. पण मामांनी कुलूप आधीच उघडलं होतं आणि ते आत फरशी पुसत होते. "आज घट्ट आहेत ना चिठ्ठ्या?" त्यांनी फरशीकडेच बघत विचारलं. मी नळ्यांना हात लावला नाही.

ती आली, मैत्रिणीला घेऊन. दुसऱ्या बॅचची परीक्षा अजून सुरू व्हायची होती, मुलं जमायला लागली होती. कालचा तो आलेखवाला मुलगाही राहिलेली सही घ्यायला आला होता. काही जण तिच्याकडे बघून कुजबुजले.

तिने 'तांबे' लिहिलेली नळी पाण्यात उभी केली, शेगडी लावली. मी टेबलाच्या या बाजूला उभा होतो. पाणी कोमट झालं. आकडा वाढला. आणखी वाढला. ती लिहीत होती, प्रत्येक वेळी खाली वाकून मीटर नीट वाचून, मग एकदा मैत्रिणीलाही वाचायला सांगून.

"तुला पण एवढंच दिसतंय ना?"

"हो गं."

तिने पेन्सिल खाली ठेवली. अगदी शांत होती ती. ती शांतता कालच्या पुलापेक्षा भयंकर होती.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "सॉरी सर. तुमचा वेळ घेतला. मी दुपारच्या गाडीने घरी जाते. बाबांना सांगते, आता नाही जमत." आणि तिने कालचा तो लाल रेघ मारलेला तक्ता बॅगेतून काढला आणि घडी घालून फाडायला घेतला.

मी तिचा हात धरला. विद्यार्थिनीचा हात मी कधी धरला नव्हता. सगळे बघायला लागले.

मी दुसरी नळी उचलली, थर्मिस्टर लिहिलेली, तिच्या हातात दिली आणि चिमटे लावले. "मुठीत धर. मीटर बघ."

तिच्या हाताच्या उबेने आकडा उतरायला लागला. ती बघत राहिली.

"ही तुझी कालची नळी," मी म्हणालो. मग पुन्हा मोठ्याने म्हणालो, मागच्यांनाही ऐकू जाईल असं, काल हसवताना म्हणालो होतो तसं. "काल हिच्यावर तांबे असं लिहिलं होतं. ती चिठ्ठी चुकीची होती आणि ती मी लावली होती. काल तू लिहिलेला प्रत्येक आकडा खरा होता. तुला काहीही झालेलं नाही. तुला बरोबर दिसत होतं, या खोलीत फक्त तुलाच."

कुणीही हसलं नाही. आलेखवाला मुलगा मान खाली घालून उभा होता. मामा पुसणं थांबवून उभे राहिले.

"आणि हे मला काल दुपारीच कळलं होतं. कळल्यावर मी चिठ्ठ्या बदलल्या, कुणाला समजू नये म्हणून. आत्ता तू खोटी ठरत होतीस तेव्हाही मी बघत उभा होतो. हे सगळं मी आता मॅडमना लिहून देतो, तुझे मार्कही परत लावायला सांगतो. पण ते नंतर. तू मला म्हणाली होतीस, सर, एकदा बघता का. मी बघितलं नाही, आणि तुझ्या बोलण्याची चेष्टा केली. माझं चुकलं, बाळ. मला माफ कर."